फायरप्लेसमधलं रणांगण
टर्पेंटाइनचा वास आला की मला नॉटिंगहॅममधलं आमचं पहिलं घर आठवतं. साठचं दशक संपत आलेलं, आमचे हे दिवसभर हॉस्पिटलात, मी तान्ह्या मुलीला घेऊन घरी, आणि शेजारी एक म्हातारे रशियन चित्रकार. त्यांचा देश कधीचाच सुटला होता, तरी तिकडचे जुने किल्ले, नद्या, लढायांची मैदानं ते आठवून आठवून रंगवायचे. मुलगी झाली म्हणून त्यांनी मला एक चित्र दिलं: लढाई संपल्यावरचं माळरान, पिवळं गवत, मोडके भाले आणि वर स्वच्छ निळं आकाश. लढाईचं चित्र घरात लावलं की भांडणं होतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यात घरात तान्हं मूल. त्यांना मी सांगितलं, "फ्रेम करायला दिलंय," आणि वरच्या बेडरूमच्या बंद पडलेल्या जुन्या फायरप्लेसमधून वारा यायचा, तिथे ते बसवून टाकलं, रंगाची बाजू आत करून. एका दुपारी ते बाळाला बघायला आले आणि मी विसरून त्यांना थेट वर नेलं. चित्राच्या मागच्या लाकडी पट्टीवर त्यांचीच सही होती. ते हळूच गुडघ्यांवर बसले, खिशातल्या पेपरची घडी केली आणि कडेच्या फटीत नीट खोचली. "इथून अजून वारा येतोय," म्हणाले, "बाळाला सर्दी होईल." आता ते चित्र माझ्या हॉलमध्ये आहे. येणारे-जाणारे त्यातल्या काळ्या ढगांचं फार कौतुक करतात. त्यांनी एकही ढग काढला नव्हता, ती आमच्या फायरप्लेसची काजळी आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.