हमामात्सुतला खलबत्ता आणि योशिदा आजींचा डबा

मुंबई विमानतळावर आमच्या बॅगेचं वजन चार किलो जास्त भरलं. गुन्हेगार एकच होता: माझा लोखंडी खलबत्ता.

"तिकडे मिक्सर मिळतो गं," सुमेध, म्हणजे माझा नवरा, कळवळून म्हणाला.

"मिक्सरमध्ये ठेच्याचं पीठ होतं," मी म्हटलं. विषय संपला. त्याचं जाडजूड जॅकेट बॅगेतून निघून त्याच्या अंगावर चढलं आणि भर उकाड्यात तो घामाघूम होऊन जपानला निघाला.

तिकडे हमामात्सु शहरातल्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. मी मात्र एका अटीवर तयार झाले होते. सहा महिने बघायचं, डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि आमची सहा वर्षांची आर्या घरी येऊ आणि तिथे ठरवू. करमलं नाही, तर आम्ही दोघी वाशीमलाच राहू. माझे शिकवणीचे वर्ग मी मैत्रिणीला फक्त सहा महिन्यांसाठी सोपवले होते. शिवाय बाबा गेल्यापासून माझी आई वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी, रिठदला, एकटीच असते. खरं सांगायचं तर परत यायचं हे मी मनात जवळपास ठरवूनच टाकलं होतं.

ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी: वाशीमहून अकोला एसटीने, तिथून रेल्वेने मुंबई, मुंबईहून विमानाने टोकियो आणि पुढे दीड तास बुलेट ट्रेन. मोठी बॅग असेल तर तिची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा. आणि टोकियोहून निघताना उजवीकडच्या खिडकीशी बसा, म्हणजे फुजी पर्वत दिसतो. आम्ही डावीकडे बसलो आणि दीड तास समुद्राकडची घरं मोजली.

पहिला आठवडा कागदपत्रांत गेला. पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, आरोग्य विम्याचं कार्ड घ्यायचं. मी चुकीच्या रांगेत उभी होते, तर एक कर्मचारी बाई खिडकीमागून उठून आली आणि हात धरावा तशी मला योग्य खिडकीपर्यंत सोडून गेली. कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा, ते वेळापत्रक मात्र आर्याच्या पाढ्यांपेक्षा अवघड होतं. ते आम्ही फ्रिजवर चिकटवलं. कणिक आणि तूरडाळ भारतीय दुकानात मिळते, पण महाग, म्हणून महिन्याचं एकदम आणायचं.

दुसऱ्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या योशिदा आजी. पंच्याहत्तरीच्या असतील, केस पांढरेशुभ्र. हातात कापडात बांधलेला डबा, एक फुलाफुलांचं कार्ड आणि घडी केलेली जाड मऊ चटई. त्या वाकल्या, मी वाकले. त्या बरंच काही बोलल्या. त्यातला एकच शब्द मला कळला, कारण तो आपलाच होता. जमिनीकडे बोट दाखवून, चटई पुढे करत त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "असा... असा..."

"हो हो, असाच अंथरते!" मी म्हटलं.

मी इतकी भारावले! परक्या देशात कोणी आसन आणून देतं का? बैठकीच्या खोलीत आमची छोटी बुद्धमूर्ती आहे, तिच्यापुढे ती चटई अंथरली. कार्ड कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी लावलं. डब्यात मुळ्याचं लोणचं होतं. आईला फोन केला तर ती आधी डब्याचंच बोलली.

"त्या बाईचा डबा रिकामा नको देऊ बरं. आपला ठेचा दे तिले."

मग काय, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, सुमेधच्या डब्यासाठी रोज कुटते त्याच्या दुप्पट मिरच्या मी कुटल्या. धप, धप, धप.

सकाळी तो ठेचा आजींच्याच डब्यात भरून खाली देऊन आले. त्या शनिवारी सुमेधने फ्रिजवरचं कार्ड वाचलं. वर्षभर जपानीचा क्लास केला होता त्याने. वाचता वाचता त्याचा चेहराच उतरला.

"अगं, ही तक्रार आहे. रोज पहाटे वरून आवाज येतो, जाग येते, म्हणून खाली हे अंथरता का, असं विचारलंय त्यांनी. जपानीत 'असा' म्हणजे सकाळ."

म्हणजे त्या बिचाऱ्या तक्रार घेऊन आल्या आणि मी त्यांच्यासाठी आणखी कुटून ठेवलं! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता घरमालक काढतो का काय, याच धाकात आम्ही माफी मागायला निघालो, तर दार उघडताच समोर योशिदा आजी. तोच डबा परत घेऊन आलेल्या. भरलेला.

सुमेध माफी मागत राहिला. आजींची नजर मात्र आत गेली होती. बुद्धमूर्तीपुढे अंथरलेली आपली चटई त्यांनी पाहिली. चपला काढून त्या आत आल्या, चटईवर गुडघे टेकून बसल्या, हात जोडले. उठल्या तेव्हा डोळे ओले होते. तशाच खाली गेल्या आणि खलबत्त्यासाठी दुसरी चटई घेऊन आल्या.

मी कुटायची वेळ सातवर नेली. डबा मात्र थांबेना. त्यांनाही रिकामा डबा देता येईना आणि मलाही. वर येताना भोपळ्याची भाजी, खाली जाताना शेंगदाण्याची चटणी. रोज सकाळी शाळेत जाताना आर्या त्यांच्या दाराशी ओरडायची, "इत्तेकिमास!" आजी दारातून उत्तर द्यायच्या, "इत्तेराश्शाई!"

"मम्मा, हे आपल्या 'येते'सारखंच आहे," आर्याने मला शिकवलं. "मी म्हणते, जाऊन येते. आजी म्हणतात, जाऊन ये."

डिसेंबरमध्ये आम्ही दोघी निघालो तेव्हा आजींनी डबा दिला. वाळवलेली पर्सिमन फळं, माझ्या आईसाठी. "इत्तेराश्शाई," त्या म्हणाल्या. कदाचित मी परत येणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

रिठदला चार दिवस झाले. मैत्रीण वर्गांचं विचारत होती. आई काहीच विचारत नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे जाग आली ती आवाजाने. धप, धप, धप. आई ओसरीवर जवसाची चटणी कुटत होती. बाजूला आजींचा डबा, घासून पुसून उघडा.

"काहून उठली? झोप ना," आई म्हणाली.

"आई, हे कशाला?"

"मले तं वाटे, तू आता इथंच राह्यशीन." तिने हात थांबवला नाही. "पण डबा त्या बाईचा हाय. वापस कोन देईन? तिची नात लागते म्हन्ते आर्या. जा माय तू. माहं काय, मी हावो इथंच."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि तिने एका हाताने थोपटत दुसऱ्या हाताने चटणी कुटली. माझ्यासाठी दोन बायकांनी केवढं केलं! एकीने झोपमोड सोसली, एकीने लेक सोडली. हे ऋण मला फेडायचंच नाही, नुसतं मिरवायचंय.

परतताना विमानतळावरच्या फॉर्मवर चटणी लिहून दिली, कोणी अडवली नाही. पण त्याआधी, एसटीत चढताना, मी आईला म्हटलं, "येते."

आईने पहिल्यांदाच आर्याकडून शिकलेलं तोडकंमोडकं उत्तर दिलं, "इत्तेराशाई, माय."