संगणकावरचा ठेका

टाल्कम पावडरचा वास आला की मला तबला वाजवणारा माझा शेजारी आठवतो, बसण्याआधी तो तळहातांना पावडर चोळायचा. हातमाग विकून तो पुण्याला मुलाकडे गेला आणि भंडाऱ्यात माझ्या बासरीला संगत उरली नाही. मग मी संगणकावर सॉफ्टवेअर घेतलं, तानपुरा लावला, तीनतालाचा ठेका संथ लयीत बसवला. ठेका अगदी बिनचूक होता, पण श्वास घ्यायला मी जरा जास्त थांबलो की तो पुढे निघून जाई. एका संध्याकाळी न राहवून मी शेजाऱ्याला फोन लावला आणि तो ठेका ऐकवला. "मस्त वाजवून राहिला ना हा, मंग मले कायले फोन केला?" तो म्हणाला. "हा माह्यासाठी थांबत नाही गा," मी म्हणालो. मग फोनमधून टेबलावर त्याची बोटं वाजू लागली. मी संगणक बंद करून बासरी उचलली. दोन-चार आवर्तनं झाली असतील, तोच तिकडून सुनेने जेवायला हाक मारली आणि "ठेवतो गा" म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा तसं वाजवणं झालं नाही. हल्ली माझा श्वास लवकर संपतो, म्हणून मी संगणकावरची लय अधूनमधून आणखी कमी करून घेतो.