किसनरावच्या जीपमधलं परकं इंजिन

गुलाबभाऊच्या तोंडी लागू नका, असं सेलूत कोनीही सांगन. खरं आहे ते. गिऱ्हाइकानं बोनट उघडलं का तो आधी मागच्या मिस्त्रीले शिव्या देते, मंग गिऱ्हाइकाले, का तू उभा राहून हे करू देल्लं काऊन. माह्यं पंक्चरचं दुकान त्याच्या शेडले लागून आहे. नववी सोडली तवापासून मी तिथंच आहो. त्याच्या तोंडाले नावं ठेवनारे सारे गाड्या त्याच्याकडंच आनतात, हे मी रोज पाह्यतो.

शेडची जागा किसनरावची. हा किसनराव म्हनजे शेडमधला चहा कदी पेनार नाई, रस्त्यापलीकडून सोताचा मागवनार, पन गाडी मात्र इथंच फुकटात करून घेनार. त्याच्या जुन्या जीपचं इंजिन गेलं. भागही भेटत नव्हते. तं हा शाहना नागपूरच्या भंगारातून भलत्याच कंपनीच्या टेम्पोचं डिझेल इंजिन उचलून घेऊन आला अन् म्हने बसवून दे. जसा काई बल्ब बदलाचा आहे. त्याच्या लेकाची, रजतची, सोयरीक नवीनच जुळली होती. चतुर्थीले व्याह्यांना जीपमंधी बसवून केळझरच्या गनपतीले न्याचं होतं. जीप चालली तं शेडमंधी राह्य, नाई तं जागा खाली कर, असं तो चार लोकांसमोर बोलून गेला.

गुलाबभाऊ कामाले लागला. इंजिनाचे होल गिअरबॉक्सशी जुळेनात, म्हनून वर्ध्याच्या लेथवरून मंधात टाकाले जाड प्लेट करून आनली. पंखा रेडिएटरले घासे, तं रेडिएटर पुढं सरकवला. सायलेन्सरचा पाइप स्टेअरिंगच्या रॉडवर येऊन राह्यला होता, तो वाकवून दुसरीकडून काढला. मंग चेसिसवर फाउंडेशन, म्हनजे ज्याच्यावर इंजिन टेकते ते पाये, वेल्डिंग केले. आयतं काईच बसत नव्हतं. अन् शेडच्या तोंडाशी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसनारे रिकामटेकडे रोज इचारत, झालं का गुलाब? त्याहिच्यानं सायकलची चेन चढत नाई.

ह्या साऱ्या दिवसांत जीप चेसिसखाली लावलेल्या गोट्यावर उभी होती, बिनचाकाची. कारन किसनराव. टायर नवे होते, गुलाब बदलून टाकन म्हनून त्यानं पह्यल्याच दिवशी माह्याच हातानं चारी चाकं काढून घेतले अन् घरी नेऊन खोलीत कोंडले. सोताची जीप त्याच्या हवाली, इंजिन त्याच्या हवाली, अन् टायरापुरता भरोसा नाई. असे लोक आहेत हे.

चतुर्थीच्या सकाळी चाकं आले. मी चढवले. नारळ घेऊन किसनराव उभा, मागं व्याही, इस्तरीच्या कपड्यांत. गोटे काढले, जीप चाकावर बसली, अन् खालून लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला.

गाडी गोट्यावर असली का पुढचा अॅक्सल पाट्यांसंग, म्हनजे स्प्रिंगच्या पट्ट्यांसंग, खाली लोंबकळते. चाकावर आली का वजन पडते, पाटे दबतात, अॅक्सल वर येते. तो वर आला अन् इंजिनाच्या ऑइलच्या चेंबरले जाऊन भिडला. गोट्यावर होती तवा मंधात हात जाईल एवढी जागा होती. आता कागद जात नव्हता.

गुलाबभाऊ खाली घुसला, पाह्यलं, बाहेर आला. म्हने, चूक माही आहे, अॅक्सल जॅकवर उचलून पाह्याले पाह्यजे होतं. बस, साऱ्याहिचे चेहरे फुलले. ह्या मानसाची चूक पाह्याले ते किती दिवसाचे उपाशी होते. मी म्हटलं, चाकं कोनाच्या खोलीत होते ते इचारा ना. गुलाबभाऊनं मले चूप बस म्हटलं. मी बसलो, पन माह्यं डोकं तापलं होतं.

हायवेवरचा मुकेश मिस्त्री, ह्याले तमाशाचा वास बरोबर येते, तो पुढं झाला. म्हने चेंबरले खालून हातोडा मारा, आत दबवा, जमून जाते. ह्या मुकेशचं सारं जमून जाते, म्हनून त्याच्या गाड्या रस्त्यात उभ्या दिसतात. चेंबरच्या बुडाशी ऑइल ओढाचा पाइप असते. चेंबर दबलं का पाइपाचं तोंड बंद. ऑइल वर चढत नाई, इंजिन जाम. गुलाबभाऊनं हे सांगलं. किसनरावनं ऐकलंच नाई.

"हातोडा मार, गुलाब. नाई तं उद्याच्याले शेड खाली कर. मुकेश करन माह्यं काम."

शेडच्या आडव्या गर्डरले वजन उचलाची साखळीची कुप्पी होती, ती गुलाबभाऊनं ओढली, इंजिनाले अडकवली, ग्राइंडर घेतला अन् सोताच वेल्डिंग केलेले फाउंडेशन कापून काढले. व्याह्यांच्या पांढऱ्या पॅन्टीवर ठिनग्या उडाल्या. इंजिन साखळीवर लोंबकळाले लागलं. मंग हात पुसत म्हने, "आता न्या जी मुकेशकडं. अन् शेड खाली कराचं असन तं ही साखळीही सोडा लागन, आधी आपलं इंजिन धरून ठेवा."

मुकेश केव्हा पसार झाला ते दिसलंच नाई. किसनराव नारळ घेऊन तसाच उभा. व्याही दुसऱ्याच्या गाडीनं केळझरले गेले.

मंग गुलाबभाऊनं चेंबर कापलं. त्याचा खोल भाग अॅक्सलच्या मांगं घेतला, पुढचा उथळ केला, ऑइलचा पाइप मांगं वळवला, फाउंडेशन नवे लावले. ह्या खेपेले अॅक्सलखाली जॅक लावून पाटे पार वरच्या रबरले टेकेपर्यंत उचलले, मंधात हात घालून पाह्यला. मलेही घालाले लावला.

पुढच्या चतुर्थीले जीप केळझरले गेली अन् आली. किसनराव उतरला, बरी आहे म्हने. चाबी फिरवत घराकडं निघाला. गुलाबभाऊनं त्याले मंधातच अडवलं. त्याले ते सोडून द्याचं नव्हतं.

"शेडचं काय किसनराव? आतापर्यंत बोलले नाई तुमी."

"राह्य ना बाबा. कोन हाकलून राह्यलं तुले?"

जसं काई आजपर्यंत तो कदी काई बोललाच नव्हता. अन् ते चारही जन, ज्याहिच्यासमोर तो बोलला होता, तेही तिथंच बसून माना हालवून राह्यले होते.

मी किसनरावच्या पाठीकडं पाहून थुंकलो. गुलाबभाऊ म्हने, बे, आपल्याच दारात काऊन थुंकते, पानी टाक त्याच्यावर. अन् दुसऱ्या गाडीखाली घुसला.