बहिणीचा बायोडेटा

लालबागच्या आमच्या चाळीत लग्नाच्या मुलीचा बायोडेटा घरात ठेवत नाहीत, फिरवतात. पूर्वी काका-मामा खिशात घालून फिरवायचे. माझ्या बहिणीचा मी फिरवला. आमच्या गावच्या मंडळाचं वधू-वरांचं पान एका सोशल साइटवर आहे, तिथे टाकला. साडीतला फोटो, जन्मवेळ, नोकरीचं ठिकाण, खोली नंबर, तिचा मोबाइल. काही राहिलं नाही ना, हे मी दोनदा तपासलं. अक्कल तेवढी राहिली.

महिन्याभरात कुणीतरी तोच फोटो, तेच नाव लावून दुसरं खातं उघडलं. त्यावर नको त्या गप्पांचं आमंत्रण आणि खाली तिचा नंबर. फोन सुरू झाले. परळला ती ज्या इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते, तिथेही माणसं तिची चौकशी करत पोचली. दादरचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलाच्या आत्याने आईला फोन केला, "मुलगी चांगलीच असेल हो, पण आमच्याकडे हे चालायचं नाही."

आई दिवसभर लेकीबद्दल एकच बोलत होती, "माझ्या चेडवान कोणाचा काय वायट केल्यान?"

मी साइटकडे तक्रार केली. चार मिनिटांत उत्तर आलं: सदर खाते आमच्या नियमांविरुद्ध नाही. पुन्हा केली, तर म्हणे मुलगी तीच आहे याचा पुरावा द्या, आधार कार्ड अपलोड करा. ज्याने तिचं नाव चोरलं त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पोलीस चौकीत गेलो. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "कंपनीला मेल टाकलाय. त्यांचं हापिस परदेशात, आपण इथे. येईल उत्तर तेव्हा येईल." मला इतका संताप आला की मी त्या बिचाऱ्यावरच ओरडलो.

शेवटी एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, कंपनीला नोटीस पाठवू. मजकूर मीच तावातावाने लिहिला: 'माझी खासगी माहिती माझ्या परवानगीशिवाय जगजाहीर केली, याला आपण जबाबदार आहात.' सही बहिणीची लागणार होती, म्हणून तिला वाचून दाखवला.

तिने पेन घेतलं. "बरोबर लिहिलंयस, दादा," ती म्हणाली. "पण मंडळाच्या पानावर टाकताना तू मला कुठे विचारलं होतंस?"

तिने खाली मान घालून सही केली. नोटीस गेली, ती एकट्या कंपनीच्या नावाने.