उदाचा धूर

कुठंही ऊद जळाला की मला कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. आईला विनाकारण धडधडायचं, हातपाय गार पडायचे. अंबडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं होतं, डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा आणि फुंकणीनं चूल फुंकतो तसा हळूहळू सोडायचा. त्यानं तिला झोप लागू लागली होती. त्या दुपारी ती भिंतीला टेकून असाच श्वास सोडत होती, तेवढ्यात विरजण मागायला शेजारीण आली आणि हात जोडून उंबऱ्यातच बसली. "अंगात आलंय," ती आजीला म्हणाली. आजीनं निखाऱ्यावर ऊद टाकला. आईनं डोळे उघडले तेव्हा तिचं कपाळ कुंकवानं भरलं होतं आणि गल्लीतून जमलेल्या बाया तिच्या पायावर डोकं ठेवून राह्यल्या होत्या. एकीनं विचारलं, "माय, माझं लेकरू बरं होईल का?" आई रडत म्हणाली, "मला काय म्हाईत बाई, मलाच लई भ्या वाटतंय." ते ऐकून बाया आणखीच वाकल्या. आईनं मग तसा श्वास कधी घेतलाच न्हाई. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातली नर्स तिला म्हणाली, "आजी, डोळे मिटून मोठा श्वास घ्या बरं." आईनं आधी दाराकडं पाहिलं.