भिंतीवरचा पट्टा

दर दिवाळीआधी आमच्याकडे घराचं एकच काम निघतं, तेवढंच झेपतं. एकदा गच्चीची गळती, मग ओटा. रंग मात्र दरवेळी मागे पडला.

"भिंती काय, पडतायत थोड्याच!" असं अप्पा, माझे वडील, म्हणायचे आणि त्याच भिंतीला हात टेकत न्हाणीघरापर्यंत जायचे. त्यांच्या हाताच्या उंचीवर एक तेलकट, काळसर पट्टा उमटलाय.

अप्पा उन्हाळ्यात गेले. यंदा रंगाची पाळी आली. रंगारी पॉलिश पेपर घेऊन नेमका त्या पट्ट्यापाशी उभा राहिला.

"ताई, इथनं घासायला घेऊ?"

मला रडू वगैरे आलं नाही. हातातल्या चहावर साय धरत होती, तिच्याकडे बघत राहिले.

"रंग पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं. "यंदा आधी नळ बदलायचेत."

नळ मागच्याच दिवाळीत नवे बसवलेत.