निळीतला पाय, गेरूतला पाय

बिरसीजवळच्या एका गावात दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला गेलो होतो. दंडारीचं लोकनाट्य सुरू व्हायच्या आधी मैदानात पांढरं कापड अंथरून एक अनोळखी पोरगी उभी राहिली. एक पाय निळीत, दुसरा गेरूत बुडवून ती झाडीबोलीत रॅप करत नाचू लागली. तिच्या पावलांनी कापडावर निळं तळं उमटलं, भोवती गेरूची पाळ.

"हे काय बडबडून राहिली? दंडार लावा!" माझ्या शेजारचा म्हातारा ओरडला. तेवढ्यात स्पीकरही बंद पडला. मला वाटलं, आता ही रडणार.

ती हसली. "आबाजी, तुमी तं ओरडता बी ठेक्यात! या, वाजवा ना!"

दंडारीचा जुना ढोलकीवाला होता तो. कुरकुरतच उठला, पण ढोलकी हाती येताच खुलला. अख्खं मैदान डोलू लागलं.

नंतर मी तिला विचारलं, "तू गाणारी, नाचणारी की चित्रकार?"

टाचेचा गेरू पुसत ती म्हणाली, "एकच काम केलं तं बाकीचं अंग रुसते ना जी!"

मागे म्हातारा कापडाजवळ उभा राहून लोकांना दटावत होता, "तिकडून जा ना रे, चित्र वाळून राहिलं!"